खालची की वरची

राजापेठच्या चौकात ट्यूशनला उशीर झालेल्या एका पोरीने प्रियदर्शनीच्या स्कूटीसमोर आपली गाडी बिनधास्त आडवी घातली. तिला चार शब्द सुनवावेत म्हणून प्रियदर्शनीने तोंड उघडलं आणि जानेवारीतल्या सकाळचा गार वारा आत शिरला. शब्द जागच्या जागी राहिले. डाव्या जबड्यात, खाली, मागच्या अंगाला एक सणक उठली आणि थेट कानापर्यंत गेली. मागच्या ऑटोवाल्याने भोंगा वाजवला तशी ती भानावर आली, गाडी काढली आणि सवयीने मोजू लागली. एक, दोन, तीन. सतरा वर्षं ती लोकांच्या दातांना गार बोळा लावून असंच मोजत आली होती. बोळा काढल्यावर दोनतीन आकड्यांत कळ विझली तर आतली नस नुसती चिडलेली असते, दात भरला की शांत होते. पण दहा झाले, वीस झाले आणि कळ रेंगाळतच राहिली, तर नस सुजलेली असते. दाताच्या कडक भिंतींच्या आत तिला सुजायलाही जागा नसते, त्यामुळे ती तिथेच कोंडून मरते. दवाखान्याचं शटर दिसलं तेव्हा प्रियदर्शनी चौतिसावर पोचली होती. घाबरायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर तिला मौज वाटली. सतरा वर्षं दुसऱ्यांच्या तोंडात डोकावून जे विचारलं ते आता आतून कळणार होतं.

'ठणकते का टोचते?' हा तिचा रोजचा प्रश्न. लोक बिचारे खुर्चीत आडवे पडून काहीतरी सांगत. कुणाच्या दाढेत भनभन होई, कुणाच्या दाढेत मुंगळा चाले. चांदूर रेल्वेच्या एका म्हातारीने सांगितलं होतं की आत कोणी तरी दार वाजवून राहिलं अन उघडाले कोणी नाई. प्रियदर्शनी हसायची आणि कार्डावर सगळ्यांसाठी एकच शब्द लिहायची, 'तीव्र'. आता दवाखान्यात कोणी यायच्या आत ती स्वतःच खुर्चीत बसून शब्द शोधू लागली. ठणका होता, पण ठणक्यातही कळीला एक दिशा होती. ती खालून निघून वर जात होती, आणि मधली रेषा ओलांडून उजवीकडे मात्र कधीच जात नव्हती. हे पुस्तकात वाचलेलं होतंच. पण पुस्तकात वाचलेलं आपल्याच गालात पाळलं जातंय हे पाहून तिला पुन्हा मौज वाटली. बारा वर्षं तिच्याकडे काम करणाऱ्या रूपालीला तिने हाक मारली आणि खालच्या डाव्या पहिल्या दाढेचा एक्स-रे काढायला लावला. फक्त खालच्याच. संशय दुसरीकडे नव्हताच, तर काढायचा कशाला? पडद्यावर दाढेत भरलेल्या जुन्या चांदीच्या खाली एक काळसर सावली दिसली, आणि प्रियदर्शनीचं निदान झालं.

ती चांदी देवमनने भरलेली होती. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी परीक्षेपुरते पेशंट मिळत नसत, म्हणून पोरं एकमेकांच्या दातांवरच हात साफ करून घेत. देवमनने तिची दाढ भरायला अडीच तास लावले होते आणि मधेच जेवायलाही जाऊन आला होता. आता त्याचा अकोल्यात दवाखाना होता. अमरावतीत डॉक्टरांची वानवा नव्हती. पण सकाळी एकाला दाढ दाखवली तर संध्याकाळपर्यंत बाकी सगळ्यांना कळतं, आणि दातांच्या डॉक्टरणीचीच दाढ किडली हे ऐकून कोणाला आनंद होणार नाही?

"देवमन, तुह्यी दाढ बोंबलली," ती फोनवर म्हणाली.

"अठरा वर्षं चालली ना? मंग?"

"रविवारी येते. खालची डावी पहिली. उघड अन नस काढून टाक."

"तू डॉक्टर म्हणून येऊन राहिली का पेशंट म्हणून?"

"पेशंट म्हणून."

"मंग दाढ कोणती ते मले सांगू नको."

रविवार यायला तीन दिवस होते आणि त्या तीन दिवसांत दुखण्याने दोनदा रूप बदललं. आधी गार लागलं की कळ यायची. मग काहीही न लागता यायला लागली. आडवं झालं की डोक्याकडे रक्त चढून ठणका वाढे, म्हणून ती तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपली. शनिवारी सकाळी चहाचा पहिला घोट घेतला आणि कप तसाच खाली ठेवला. गरमाने दाढ नुसती पेटली होती. तिने धावत जाऊन माठातलं पाणी तोंडात धरलं, आणि काय आश्चर्य, कळ थांबली. ज्या गाराने सुरुवात केली त्याच गाराने आता आराम पडत होता. म्हणजे नस शेवटाला आली. हे सारं तिला तोंडपाठ होतं, तरी बेसिनपाशी गाल फुगवून उभी असताना तिला कोण उत्सुकता वाटत होती. पाणी तोंडात कोमट झालं की कळ परत, नवा घोट घेतला की गायब. तिने तीनदा करून पाहिलं. नवरा ललित बँकेत जायच्या गडबडीत होता. तो दारात थांबून म्हणाला, "लवंग धर ना." ती रागाने त्याच्याकडे पाहत राहिली, आणि तो गेल्यावर दार लावून तिने लवंग धरली. सुजेवरची आणि तापावरची अशा दोन गोळ्या एकत्र घेतल्या की चारसहा तास निभतात, हे ती रोज लोकांना सांगायची तसंच तिने केलं. अँटिबायोटिकची पट्टीही हातात घेतली. कोंडलेल्या नसेपर्यंत ते औषध पोचत नाही, या ठणक्यावर त्याचा काडीचा उपयोग नाही, हे कानीकपाळी ओरडून सांगणारी ती, आणि तरी दोन मिनिटं तिने पट्टी खाली ठेवली नाही. मेडिकलमधून परस्पर औषध आणणाऱ्यांना ती किती झापायची ते आठवून तिला लाज वाटली.

बडनेऱ्याहून गाडी निघाली तेव्हा तिच्या पर्समध्ये गार पाण्याच्या दोन बाटल्या होत्या. समोरची बाई आकांक्षा नावाच्या आपल्या नातीची गुणगाथा सांगत होती आणि प्रियदर्शनी तोंडात घोट धरून मान हलवत होती. मूर्तिजापूर गेलं. बाहेर तूर काढून झालेली काळी रानं मागे पळत होती. तिसऱ्याचौथ्या घोटाला तिला अचानक खुशालराव आठवले. वरूडहून तिच्या दवाखान्यात आले तेव्हा त्यांच्याही हातात अशीच बाटली होती. संत्र्याचं पॅकिंग जोरात होतं, ट्रक भरायचे टाकून माणूस आला होता, आणि बाकावर बसून दर दोन मिनिटांनी एक घोट घेत होता. सहा वर्षं झाली त्याला. बाटली तिने तेव्हाही पाहिली होती. नस शेवटाला आली, हेही मनात येऊन गेलं होतं. पुढचं मात्र तिने आता आठवू दिलं नाही. बाईला विचारलं, "मग आकांक्षा कितवीत आहे?" बाईने दुसऱ्यांदा सगळं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

देवमन जाडा झाला होता. त्याने तिला खुर्चीत बसवलं, दिवा तोंडावर घेतला आणि म्हणाला, "बोट ठेव." तिने तर्जनी नेमकी खालच्या पहिल्या दाढेवर ठेवली. तिला जराही शंका नव्हती. देवमनने आरशाच्या दांडीने एकेक दात ठोकून पाहिला. ठोकल्याने काहीच होत नव्हतं. मग त्याने खालच्या दाढेला गार बोळा लावला. एक चमक आली आणि बोळा काढताच विझली. दुसऱ्याच आकड्याला. तिच्या खालच्या दुसऱ्या दाढेचंही तेच झालं, वरच्या पहिलीचंही. वरच्या दुसरीला बोळा लागला तेव्हा मात्र सकाळपासून चाललेला ठणका जरा सैल पडला.

"कसं वाटून राहिलं?"

"बरं वाटलं. पण दुखते खालीच, देवमन. मी सांगून राहिली ना."

"तुह्या समाधानासाठी पयले खालची बाजू सुन्न करतो."

सुई टोचली. पाच मिनिटांत तिचा खालचा डावा ओठ जाड झाला, हनुवटी नाहीशी झाली, अर्धी जीभ कुणा दुसऱ्याची वाटू लागली. आणि ठणका तसाच. खालची दाढ, हिरडी, हाड, सगळं बधिर पडलेलं आणि त्या बधिर जागीच दुखत होतं. प्रियदर्शनी डोळे मिटून त्याकडे पाहत राहिली. जिथे काहीच जाणवू शकत नाही तिथे तिला स्पष्ट जाणवत होतं. म्हणजे दुखणं एका जागी होतं आणि ते दिसत दुसऱ्याच जागी होतं. वरच्या आणि खालच्या दातांच्या तारा मेंदूकडे जाताना एकाच ठाण्यावर उतरतात आणि निरोप कुठून आला याचा तिथे घोळ होतो, हे तिने परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. देवमनने वरच्या दुसऱ्या दाढेच्या शेजारी दुसरी सुई दिली. तिने मोजायला घेतलं. पन्नासच्या आसपास ठणका दूर गेल्यासारखा झाला. ऐंशीला तो नव्हता. तीन दिवसांत पहिल्यांदा तिच्या डोक्यात शांतता पसरली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"वरची दुसरी अक्कलदाढेच्या आडोशाले किडली आहे," देवमन म्हणाला. "मीनं भरलेली खालची एकदम ठणठणीत. तुह्या एक्स-रेत काळं दिसलं ते नुसतं तळाचं औषध होतं. आता माफी माग."

ती हसली नाही. त्या शांततेत खुशालराव येऊन बसले होते आणि आता त्यांना घालवायला नातीची गोष्ट सांगणारी बाई नव्हती. खुशालरावांनीही असंच खाली बोट ठेवलं होतं. एक्स-रेत अशीच एक सावली होती. बाहेर अकरा जण खोळंबले होते, बोळा गार करायच्या फवाऱ्याची बाटली आदल्या दिवशीच संपली होती आणि नवीन यायची होती. माणूस इतकं छातीठोक सांगतोय, तपासायचं काय? तिने दाढ उघडली. आतून लालभडक, ताजं रक्त आलं आणि अर्ध्यापाऊण मिनिटात आपोआप थांबलं. सुजलेल्या नसेचं रक्त असं नसतं. ते काळपट असतं आणि थांबता थांबत नाही. प्रियदर्शनीचा हात थबकला होता. तेव्हाच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी नाही, घरी गेल्यावर नाही, तेव्हाच. हात थांबवून 'काका, चूक झाली' म्हणता आलं असतं, नसेचा उरलेला भाग कदाचित वाचलाही असता. तिने सुई आत घातली आणि निरोगी नस शेवटपर्यंत ओढून काढली. तिसऱ्या दिवशी खुशालराव जागरणाने सुजलेले डोळे घेऊन परत आले. राग नाही, तक्रार नाही. "मॅडम, तुमी खालून हाकललं त वरतं जाऊन बसलं," म्हणाले. सुटकेची वाट त्यांनीच दाखवली आणि ती त्या वाटेने गेली. "हो काका, दोन्हीत होतं," ती म्हणाली. वरची दाढ केली, दुखणं थांबलं, आणि तेव्हापासून दर हंगामाला वरूडहून संत्र्यांची पेटी आणि एकदोन नवे पेशंट येऊ लागले.

दाढ साफ करून झाल्यावर तिने अर्ध्या सुन्न तोंडाने हे देवमनला सांगितलं. तो हातमोजे काढत होता.

"सगळ्यायचं होते एखादं," तो म्हणाला. "माह्यंबी आहे."

"मग सांगितलं तू त्या पेशंटला?"

"नाई." हातमोजे डब्यात टाकत तो म्हणाला, "तू बी आता सांगू नको. सहा वर्षानं काय सांगतं?"

अकोला स्टेशनवर गाडीची वाट पाहत असताना फोन वाजला आणि पडद्यावर खुशालरावांचंच नाव आलं. खालचा ओठ आणि अर्धी जीभ अजून बधिर होती, तिला धड 'हॅलो'ही म्हणता येईना. पण खुशालरावांना समोरच्याने बोलायची गरज नसे. "मॅडम, उद्या रुख्मिणीले घेऊन येतो. डाव्या अंगाले दुखून राहिलं, माह्यासारखंच. दोन्ही करून टाकजा, खालची अन वरची. ठेवतो." तिने फोन कानाला तसाच धरून ठेवला. परतीच्या वाटेत ती स्वतःला समजावत होती. त्यात सांगायचं काय? रुख्मिणीकाकूंची दाढ तपासायची, एक असेल तर एक करायची, विषय संपला. जुनं उकरायची काही गरज नव्हती. बडनेरा येईस्तोवर ओठ जागा झाला आणि हा विचार तिला चांगला पटला.

सोमवारी अकराला दोघं आले. खुशालरावांनी बायकोला हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि स्वतःच तिच्या गालावर बोट टेकवलं. "हे इथं."

"तुम्ही सांगा काकू," प्रियदर्शनी म्हणाली. "कुठे दुखतं?"

"मले समजत नाई बाई," रुख्मिणीबाई संकोचून म्हणाल्या. "कवा खाली वाटते, कवा वरतं. यायले आठ दिसापासून सांगून राहिली, हे म्हणते आपलं दुखणं आपल्याले समजत नाई असं कुठं असते?"

सतरा वर्षांत इतका खरा पेशंट तिला भेटला नव्हता. तिने प्रत्येक दाताला गार बोळा लावला, मोजलं, ठोकून पाहिलं, वरचा-खालचा दोन्हीकडचा एक्स-रे काढला, खालची दुसरी दाढ सुन्न करून पाहिली. पाच मिनिटांत दुखणं थांबलं. खालचीच होती.

"एकच दाढ आहे काका. वरची चांगली आहे."

"माह्यी बी अशीच दिसे चांगली," खुशालराव म्हणाले. "दोन दिवसानं उठून वरतं जाईन, मंग परत या वरूडहून. दोन्ही करा मॅडम, मी सांगून राहिलो ना. माह्या साडूले त तिकडच्या डॉक्टरनं एकच म्हणली होती. मीनं त्याले सांगतलं, ऐकू नको, जोडीनं असते. त्यानं दोन्ही उपटून घेतल्या. आता मस्त आहे."

एक खोटं बोलून प्रियदर्शनी इथे बसून राहिली होती आणि ते खोटं मात्र वरूडला फिरून आलं होतं. खुशालरावांच्या साडूची धडधाकट दाढ त्या खोट्याने उपटली होती.

"यायचं ऐका मॅडम," रुख्मिणीबाई खुर्चीतून म्हणाल्या. "दोन्ही करा. हे मंग घरी बोलत बसतात." आणि त्यांनी तोंड उघडलं.

"काका," प्रियदर्शनी म्हणाली, "तुमचं दोन्हीत नव्हतं."

"आँ?"

"फक्त वरच्या दाढेत होतं. खालची चांगली होती. ती मी चुकून उघडली."

खुशालरावांची जीभ आतून खालच्या दाढेवर गेलेली गालावरून दिसली.

"माईत कवा पडलं तुमाले?"

"उघडल्याबरोबर."

"तवाच?"

"तेव्हाच. तिसऱ्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा दोन्हीत होतं म्हणाले, ते खोटं बोलले."

खुशालराव उठले आणि बाहेर गेले. दार मागे हलत राहिलं. रुख्मिणीबाईंनी एकदा दाराकडे पाहिलं, मग प्रियदर्शनीकडे. "तुमी तुमचं काम करा," त्या म्हणाल्या. "एकच." तिने काम केलं. आतून काळपट रक्त आलं आणि बराच वेळ थांबेना, तेव्हा आपण बरोबर जागी आहोत याचं समाधान वाटायलाही तिला धीर झाला नाही. तासाभराने तात्पुरतं औषध भरून तिने दिवा बाजूला केला, तर खुशालराव दारात उभे होते. केव्हापासून उभे होते कोण जाणे.

"ते माह्यी दाढ आता मेलेली हाय ना?" त्यांनी विचारलं.

"हो. आत नस नाही."

"मंग दुखन कशी? दुखली असती त मले समजलं असतं."

'मला माफ करा' असं ती म्हणाली, आणि ते शब्द तिलाच फार लहान वाटले. खुशालरावांनी ते ऐकल्याचं दाखवलं नाही.

"मीनं लय लोकायले सांगतलं," ते म्हणाले. "पॅकिंगवरल्या बायायले, ट्रकवाल्यायले, साडूले. आता एकेकाले धरून सांगा लागन का जोडीनं नसते, एकच असते. ते विचारतीन, तुले कसं माईत?" ते थांबले. "तुमचं नाव घेऊन सांगू का नाव न घेता?"

बाहेर किती जण बसलेत हे तिला न पाहताही माहीत होतं. त्यातले निम्मे याच माणसाच्या शब्दावर आलेले असायचे. नाव न घेता सांगा म्हटलं असतं तर त्यांनी ते पाळलं असतं, त्यांच्या विचारण्यातच ते होतं, आणि तिच्या ओठांवर ते आलंही.

"नाव घेऊनच सांगा," ती म्हणाली.

खुशालरावांनी मान हलवली. रुख्मिणीबाईंना हात देऊन उठवलं, बाहेर नेलं, बाकावर टेकवलं. तिथे वरूडचे दोघे जण गाल धरून बसले होते. खुशालरावांनी वरूड गाठायचीही वाट पाहिली नाही. "बावा, ऐका जरा," त्यांचा आवाज आत स्पष्ट आला. "या मॅडमनं माह्यी चांगली दाढ मारली होती. आज सोताच्या तोंडानं सांगतलं."

बाक करकरला. कोणी तरी उठलं असावं.

"मंग आता आमी बसू का जाऊ?" एकाने विचारलं.

प्रियदर्शनी हातात कार्ड धरून तशीच उभी होती.

"बसा," खुशालराव म्हणाले. "पण पयले नीट पाहून घ्या म्हणा तिले."